आधी बोट टोचा, मग बोला : इन्सुलिन घेणाऱ्या माणसाचा मेंदू घरच्यांनी कसा सांभाळायचा

पौषातली संकष्टी होती. रात्रीचे साडेआठ वाजले होते, चंद्रोदयाला अजून अर्धा-पाऊण तास होता. मी मोदकांचं सारण परतत होते आणि आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, ओट्यापाशी डबे आवरत होत्या. त्यांनी तांदळाच्या डब्यात हरभऱ्याची डाळ ओतली. मी म्हटलं, "अहो आत्याबाई, तो तांदळाचा डबा." त्यांनी माझ्याकडे बघितलं, बराच वेळ नुसतं बघितलं, आणि विचारलं, "तू कुणाची गं?"

तेव्हा मला त्या घरात येऊन वीस वर्षं झाली होती.

हे बाहेरून आले, "आई, काय चाललंय तुझं?" म्हणून आवाज चढवला, तर त्यांनी हातातला डाव भिरकावला. शेजारच्या काकू आल्या. कुणाची तरी दृष्ट लागली म्हणून त्यांनी मीठ-मोहऱ्या हातात घेतल्या. मी आत्याबाईंना खाली बसवायला गेले आणि माझा हात त्यांच्या पाठीवर पडला. पोलकं चिंब भिजलेलं. कराडची पौषातली थंडी, नदीवरून येणारं वारं, मी स्वतः स्वेटर घातलेला, आणि त्यांची पाठ अशी, की आत्ताच न्हाऊन आल्यात. तेव्हा मी कपाटातून शुगरचं मशीन काढलं. आकडा आला ४१.

ग्लुकोजचं पाणी वाटीतून घोट घोट पाजलं. पंधरा मिनिटांनी ६३. पुन्हा पाजलं. नंतर ९६. आणि मग अगदी नेहमीच्या आवाजात त्या म्हणाल्या, "चंद्र उगवला का गं?" डाळीचं, डावाचं, मला विचारलेल्या प्रश्नाचं त्यांना काही आठवत नव्हतं. आजही आठवत नाही.

झालं होतं एवढंच. दिवसभर उपवास, दुपारी वाटीभर साबुदाणा, आणि संध्याकाळी सात वाजता सवयीप्रमाणे इन्सुलिनची सुई. रोज सुईनंतर अर्ध्या तासात ताट वाढलेलं असतं. त्या दिवशी ताट चंद्रासाठी थांबलं, इन्सुलिन थांबलं नाही.

या गोष्टीला सहा वर्षं झाली. आत्याबाई आता अठ्ठ्याहत्तरच्या आहेत. मी घरी शिवणकाम करते, डॉक्टर नाही. पण या सहा वर्षांत जे शिकले ते इन्सुलिन घेणारं माणूस असलेल्या प्रत्येक घराला माहीत असायला हवं असं मला मनापासून वाटतं. डोस किती, कोणती गोळी, हे तुमच्या डॉक्टरांनीच ठरवायचं. मी सांगतेय ते दोन भेटींच्या मधल्या दिवसांचं.

मेंदूकडे कणगी नसते

आमच्या डॉक्टरांनी हे समजावलं आणि मला ते माहेरच्या भाषेत कळलं. गावाकडे धान्य कणगीत भरून ठेवतात. शरीरातही साखरेच्या कणग्या आहेत, एक यकृतात आणि एक स्नायूंत. मेंदूकडे मात्र साठा जवळजवळ नाहीच. रोज आणायचं, रोज खायचं. त्याचं वजन शरीराच्या फक्त २ टक्के, पण बसल्या जागी शरीर जेवढी ऊर्जा खर्च करतं त्यातला साधारण पाचवा हिस्सा एकटा मेंदू खातो. दिवसाला शंभर-सव्वाशे ग्रॅम ग्लुकोज. रक्तातून येणारा हा पुरवठा कमी पडला की काही मिनिटांत कामात चुका व्हायला लागतात.

आणखी एक गोष्ट मला आधी ठाऊक नव्हती. स्नायूंना आणि चरबीला रक्तातली साखर नीट आत घ्यायला इन्सुलिन लागतं. मेंदू मात्र बहुतेक साखर इन्सुलिनवाचूनच उचलतो. म्हणून इन्सुलिन जास्त झालं तर त्याला जास्त साखर मिळत नाही, उलट त्याचं ताट रिकामं होतं. स्नायू साखर ओढून घेतात, यकृताला "कणगी उघडू नकोस" असा हुकूम जातो आणि मेंदू उपाशी राहतो.

उपाशी मेंदू कसा ओळखायचा

साखर ७० च्या खाली जायला लागली की आधी शरीर ओरडतं. हात थरथरतात, छातीत धडधडतं, घाम फुटतो, एकदम भूक लागते, जीव घाबरा होतो. त्याहून खाली, साधारण ५४ च्या आसपास आणि पुढे, मेंदू स्वतः अडखळायला लागतो. माणूस चिडतो. शब्द सापडत नाहीत. एकच वाक्य तीनदा म्हणतो. दोन-दोन दिसतं. दारू प्यायल्यासारखी चाल होते. कुणी हट्टाला पेटतं, कुणी रडतं, कुणी गप्प होऊन भिंतीकडे बघत बसतं. त्याच्याही पुढे फिट आणि बेशुद्धी.

तरुण माणसाला पहिल्या पायरीवरच जाग येते. म्हाताऱ्यांचा घात इथेच होतो. वर्षानुवर्षांच्या मधुमेहात ही पहिली ओरड बारीक होत जाते. शुगर वरचेवर खाली जात असेल तर ती जवळजवळ बंदच पडते, शरीराला त्या खालच्या आकड्याची सवय होते. शिवाय ब्लडप्रेशरसाठी किंवा हृदयासाठी मेटोप्रोलॉल, अ‍ॅटेनोलॉल अशी गोळी चालू असेल तर ती थरथर आणि धडधड दाबून टाकते. घाम मात्र ती दाबत नाही. म्हणून मी अजूनही आत्याबाईंजवळून जाताना मानेमागे, पाठीवर सहज हात फिरवते. त्यांना ती माया वाटते, आणि आहेच ती. पण तेव्हा मी घामही बघत असते.

त्या संकष्टीनंतर डॉक्टरांनी डोस कमी केला आणि सांगितलं, काही आठवडे शुगर एकदाही ७० च्या खाली जाऊ द्यायची नाही, म्हणजे शरीराची ओरड परत येईल. साधारण दीड महिन्याने एका दुपारी त्या भाजी निवडता निवडता म्हणाल्या, "हात कापतोय बघ माझा." आकडा ६६ होता. त्यांचा हात कापतोय याचा मला इतका आनंद झाला की आधी साखर द्यायची का आधी देवाला हात जोडायचे, हे कळेना. साखर दिली.

रात्रीचं वेगळं असतं. झोपेत शुगर उतरली तर माणूस ओरडून उठतो, वाईट स्वप्नं पडतात, सकाळी अंथरूण ओलं लागतं, डोकं जड असतं आणि दिवसभर कामात लक्ष लागत नाही. असं दिसलं तर दोन-तीन रात्री तीनचा गजर लावून मोजा. गजराने चिडचिड होते खरी, पण डॉक्टरांपुढे ते तीन आकडे ठेवले की संध्याकाळच्या डोसाचं लगेच कळतं.

नक्की काय करायचं

वागणं वेगळं वाटलं की आधी बोट टोचा. समजवायचं, रागवायचं, नवऱ्याला फोन करायचा, सगळं नंतर.

हात साबणाने धुऊन, पुसून घ्या. आंब्याच्या दिवसांत आमच्याकडे एकदा ३१० आलं. मी घाबरले, मग लक्षात आलं की आत्ताच त्यांनी आमरसासाठी आंबे पिळलेत. हात धुऊन परत मोजलं तर १४८. याची उलटी बाजू फार भयंकर आहे. बोटाला साखर लागलेली असेल तर खरोखर उतरलेली शुगर चांगली दिसते आणि घरचे निर्धास्त बसतात. टोचायचं बोटाच्या कडेला, मधोमध गादीवर टोचलं तर दुखतं आणि माणूस पुढच्या वेळी बोट देत नाही. पट्ट्यांच्या डबीचं झाकण लगेच लावा, हवेतल्या ओलीने पट्ट्या खराब होतात.

मशीन नसेल, पट्ट्या संपल्या असतील, तर शुगर उतरली आहे असंच धरून चाला. मुळात वाढलेली असताना तीन चमचे साखर दिली गेली तर तेवढ्याने मोठं काही बिघडत नाही. उतरलेली असताना दिली नाही तर फार बिघडतं.

माणूस शुद्धीवर असेल आणि गिळू शकत असेल तर त्याला बसवून साधारण १५ ग्रॅम साखर पाण्यातून द्या. म्हणजे चहाचे तीन चमचे शीग लावून, किंवा चार सपाट. साधी ग्लुकोज पावडर असेल तर उत्तम, ती सगळ्यात लवकर चढते. इथे एक गोष्ट जरूर बघा. गोळ्यांच्या पाकिटावर व्होग्लिबोज किंवा अकार्बोज लिहिलेलं असेल तर साखर, गूळ, सरबत यांचा उपयोग लवकर होत नाही. ती गोळी साखर पोटात फोडूच देत नाही, म्हणून तिथे ग्लुकोजच लागतं. पुष्कळ मिश्र गोळ्यांमध्ये व्होग्लिबोज असतं आणि घरच्यांना पत्ता नसतो. आजच पाकीट उलटून बघा.

पेढा, लाडू, चॉकलेट, दूध देऊ नका. गोड असले तरी त्यातल्या तुपा-दुधाच्या स्निग्धतेने साखर सावकाश चढते आणि आपल्या हाताशी मिनिटं असतात. भातही त्या वेळी नको.

मग घड्याळ बघा. पंधरा मिनिटं. ही पंधरा मिनिटं फार मोठी वाटतात. मी पहिल्या वेळी तिसऱ्याच मिनिटाला अजून पाजायला निघाले होते. थांबा, पुन्हा मोजा. अजून ७० च्या खाली असेल तर पुन्हा तेवढंच द्या. वर आली की पोटाला काही तरी टिकणारं द्या, दूध-भाकरी, पोहे, केळं. त्या रात्री आत्याबाईंनी उपवास मोडायला नकार दिला, म्हणून केळं आणि दूध दिलं. उपवासालाही चालतं आणि मेंदूलाही.

त्या वेळी वाद घालू नका. "मला काही झालेलं नाही, जा तू" हे उपाशी मेंदूचं बोलणं असतं. हळू आवाजात, समोर बसून, ग्लास हातात देऊन, "एक घोट घ्या, तीर्थ आहे" म्हणून मी पाजलंय. आणि त्या माणसाला एकटं सोडून कुणाला बोलवायला जाऊ नका.

बेशुद्ध असेल, फिट आली असेल, गिळता येत नसेल, तर तोंडात काहीही घालायचं नाही. साखरेचं पाणी नाही, मध नाही. ते श्वासनलिकेत जातं. कांदा, चप्पल हुंगवण्यात वेळ घालवू नका. कुशीवर वळवा, १०८ ला फोन करा आणि पहिल्याच वाक्यात सांगा, "मधुमेहाचा पेशंट आहे, इन्सुलिन घेतो, शुगर उतरली असावी." अशा वेळी घरात देता येणारं, शुगर वर आणणारं ग्लुकॅगॉनचं इंजेक्शन असतं. तुमच्या माणसाची शुगर पूर्वी अशी उतरली असेल तर डॉक्टरांना त्याबद्दल विचारा.

कधी एका बाजूचा हात-पाय गळाल्यासारखा होतो, तोंड वाकडं वाटतं. शुगर उतरल्यानेही अगदी अर्धांगवायूसारखं दिसू शकतं. मोजा जरूर, पण त्यासाठी १०८ चा फोन लांबवू नका, कारण मधुमेहात खराखुरा अर्धांगवायूही जास्त होतो.

इन्सुलिनऐवजी, किंवा जोडीला, ग्लिमेपिराइड, ग्लिबेनक्लामाइड अशी गोळी असेल तर एकदा शुगर वर आली म्हणून निश्चिंत होऊ नका. या गोळ्यांचा अंमल लांबतो, किडनी मंद असेल तर आणखीनच. काही तासांनी शुगर पुन्हा उतरते. अशा वेळी लगेच डॉक्टरांना कळवा, दवाखान्यात ठेवायला सांगितलं तर ठेवा.

शुगर परत आल्यावर मेंदू बहुतेक वेळा पूर्ण सावरतो, मात्र दिवसभर थकवा आणि डोकेदुखी राहते. खूप वेळ फार खाली राहिली तर कायमचं नुकसान होऊ शकतं, म्हणून ही सगळी धावपळ. आणि त्या तासाभरात माणूस जे बोलला, वागला, ते त्याला नंतर ऐकवू नका. आत्याबाईंना मी डाव फेकल्याचं चार महिन्यांनी सांगितलं, तेही त्यांनी खोदून विचारलं म्हणून. त्या रात्रभर जाग्या होत्या.

स्वभाव की शुगर

हे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. आत्याबाई तापट, असं आमच्याकडे सगळेच म्हणायचे. सकाळी साडेअकराच्या सुमाराला त्यांचा पारा चढायचा. भांडी आपटायच्या, मला टाकून बोलायच्या. एकदा माझ्या माहेरची माणसं आलेली असताना जे बोलल्या ते मी कितीतरी वर्षं मनात धरून होते.

संकष्टीनंतर मी एक वही केली. काही वेगळं घडलं की वेळ, शुगर आणि काय झालं ते एका ओळीत लिहायचं. पुढच्या भेटीत ती वही डॉक्टरांनी चाळली आणि बोट ठेवून दाखवलं. ११.४०, ६१, चिडल्या. ११.२५, ५८, नळ उघडा ठेवला. ११.५०, ६४, दूधवाल्याशी भांडण. सकाळची सुई आठला, नाश्ता साडेआठला, जेवण एकला. मधे काहीच नाही. डोस थोडा बदलला, अकराला मूठभर चणे-फुटाणे किंवा अर्धी भाकरी सुरू केली. साडेअकराचं भांडण बंद झालं.

पूर्वीची सगळी बोलणी शुगरचीच होती असं मी म्हणणार नाही, तेव्हा कुणी मोजलंच नव्हतं. पण माहेरची माणसं आली होती तेव्हाही साडेअकराच वाजले होते, हे मला त्या वहीसमोर बसून आठवलं आणि मनातली अढी सुटली.

तुम्हीही वही करा. "हल्ली विसरतात", "हल्ली चिडतात" असं सांगून डॉक्टरांना काही धरता येत नाही. वेळ आणि आकडा दिला की धरता येतं. चिडणं-विसरणं ठरावीक वेळी येतं आणि खाल्ल्यावर जातं, तर ते शुगरचं. दिवसभर असतं आणि महिन्यागणिक वाढतं, तर वेगळं काही.

सुईच्या चुका

शुगर उतरण्यामागे बऱ्याचदा घरातलीच साधी चूक असते.

आपल्याकडे बाटलीतलं इन्सुलिन बहुधा ४० युनिटचं असतं, म्हणजे एका मिलिलिटरमध्ये ४०, आणि त्याची सिरिंज लाल टोपणाची. इन्सुलिनच्या पेनमध्ये बसवायच्या काड्यांमध्ये १०० युनिटचं. एकदा दुकानात बाटली नव्हती, तर पेनची काडी दिली आणि "सिरिंजने ओढून घ्या, काही होत नाही" असं सांगितलं. घरी येऊन मी चष्मा लावून आकडा वाचला. लाल टोपणाच्या सिरिंजमध्ये १४ च्या रेघेपर्यंत ते ओढलं असतं तर ३५ युनिट गेलं असतं. अडीच पट! पोलक्याचं माप चुकलं तर उसवता येतं, हे उसवता येत नाही. बाटलीवरचा आकडा आणि सिरिंजवरचा आकडा जुळला तरच सुई भरा.

ढगाळ दिसणारं मिश्र इन्सुलिन हलक्या हाताने तळव्यांमध्ये दहा-पंधरा वेळा फिरवून घ्या, नाहीतर एका दिवशी एक प्रकार जास्त जातो, दुसऱ्या दिवशी दुसरा. जोरजोरात हलवू नका. रोज एकाच जागी टोचलं की तिथे मऊ गाठ धरते. तिथे दुखत नाही म्हणून पेशंटला ती जागा आवडते, पण त्या गाठीतून इन्सुलिन कसंही झिरपतं. आणि गाठ सोडून नव्या जागी तोच डोस टोचला की शुगर धाडकन खाली येऊ शकते. पोटावरून बोटं फिरवून बघा. गाठी असतील तर जागा बदलण्याआधी डॉक्टरांना सांगा.

बाटली फ्रीजमध्ये, पण बर्फाच्या कप्प्याला लागून नको. गोठलेलं इन्सुलिन टाकून द्यायचं. माझ्या माहेरी अजून लाइटचा भरवसा नाही, तिथे ओल्या फडक्यात गुंडाळलेल्या मडक्यात डबी ठेवतात. चालतं.

आणि दुसऱ्यांदा टोचणं. ज्याला विसरायला होतं तो सुई घेतल्याचंही विसरतो आणि पुन्हा घेतो. आत्याबाईंनी एकदा असं केलं होतं. तेव्हापासून आमच्याकडे कालनिर्णयच्या चौकटीत खूण केल्याशिवाय सुईचं टोपण निघत नाही. आधी खूण, मग सुई. सुई टोचून मग खूण करायची ठेवली तर मधेच कुणी हाक मारतं आणि राहून जातं.

शुगर चढली तर

ते सावकाश होतं. ताप, लघवीची जळजळ, जुलाब, पाणी कमी पिणं, आणि मग दोन-चार दिवसांत म्हातारं माणूस गुंगीत जातं, असंबद्ध बोलतं, जीभ कोरडी पडते. आकडा वारंवार ३०० च्या वर, किंवा मशीन आकड्याऐवजी नुसतं 'हाय' दाखवत असेल आणि माणूस सुस्त असेल, तर घरी जास्तीचं इन्सुलिन देऊन प्रयोग करू नका. दवाखाना गाठा, शिरेतून पाणी द्यावं लागतं. पुष्कळदा लहानपणीच सुरू होणारा टाइप १ मधुमेह असेल आणि उलट्या, पोटदुखी, जोरजोरात खोल श्वास, तोंडाला पिकल्या फळासारखा वास येत असेल तर एक तासही थांबू नका. जेवण जात नाही म्हणून टाइप १ मध्ये इन्सुलिन पूर्ण बंद करायचं नसतं.

स्मरणशक्तीचं काय

मधुमेहात म्हातारपणीचा विसरभोळेपणाचा आजार, डिमेन्शिया, होण्याची शक्यता साधारण दीड पट असते. मेंदूतल्या बारीक रक्तवाहिन्या खराब होतात, हे मोठं कारण. दुसरं असं, की मेंदूलाही इन्सुलिन कळतं. आठवणी घडवणारा हिप्पोकॅम्पस नावाचा भाग आहे, तिथे इन्सुलिन ओळखणाऱ्या जागा आहेत. शरीर इन्सुलिनला दाद देईनासं होतं तसा मेंदूही देईनासा होतो, आणि अल्झायमरशी त्याचा संबंध शास्त्रज्ञ शोधत आहेत. अल्झायमरला कुणी कुणी 'टाइप ३ मधुमेह' म्हणतात. ते निदान म्हणून मान्य झालेलं नाही. असा मजकूर मोबाइलवर वाचून कुणी आई-वडिलांची गोळी बदलू नये.

मग शुगर जितकी खाली तितका मेंदू सुरक्षित, असं वाटेल. आमच्या ओळखीतले एक ऐंशीचे आजोबा एचबीए१सी, म्हणजे तीन महिन्यांच्या शुगरची सरासरी सांगणारा आकडा, ६.२ आहे म्हणून अभिमानाने सांगायचे. अमेरिका आणि कॅनडात अ‍ॅकॉर्ड नावाची मोठी चाचणी झाली, दहा हजारांहून जास्त मधुमेही माणसं होती. एका गटाची तीन महिन्यांची सरासरी ६ च्या खाली आणायचा प्रयत्न केला. त्या गटात मृत्यू जास्त झाले म्हणून ते २००८ मध्ये थांबवावं लागलं. मेंदूच्या परीक्षांमध्येही त्या गटाची स्मरणशक्ती जास्त चांगली राहिली नाही. वयस्क माणसात वरचेवर जोरात उतरणाऱ्या शुगरचा आणि डिमेन्शियाचा संबंध दोन्हीकडून दिसतो, एक दुसऱ्याला वाढवतं. म्हणून पंच्याहत्तरीपुढच्या, अनेक आजार असलेल्या माणसाला डॉक्टर ८ च्या आसपासचं लक्ष्य देतात. आत्याबाईंचं ७.८ असतं. मला त्यात कमीपणा वाटत नाही.

एक तपासणी आवर्जून मागा, बी-१२ ची. मेटफॉर्मिन ही मधुमेहाची गोळी वर्षानुवर्षं घेतल्याने हे जीवनसत्त्व कमी होऊ शकतं, आणि आत्याबाईंसारख्या माळकरी, मांस-मच्छी-अंडं न खाणाऱ्यांत आधीच कमी असतं. पायाला मुंग्या, तोल जाणं, विसरणं, उदास राहणं. हे सगळं मधुमेहाच्या नाहीतर वयाच्या खात्यावर टाकलं जातं, आणि मूळ कारण राहून जातं. त्यांचं फारच कमी निघालं. इंजेक्शनं घेतल्यावर काही महिन्यांत त्या पुन्हा हरिपाठ न अडखळता म्हणायला लागल्या. ब्लडप्रेशर ताब्यात ठेवणं आणि रोज चालणंही तितकंच मोलाचं, पण ते सगळ्यांना माहीत आहे.

आम्ही लग्नाकार्याला बाहेर गेलो की जो कुणी आत्याबाईंजवळ राहतो त्याच्यासाठी फ्रीजवर एक कागद चिकटवलेला असतो. त्यावर गोळ्यांची नावं, "ग्लुकोजचा डबा देवघराशेजारी", "बेशुद्ध असतील तर तोंडात काही नाही, १०८", आणि माझा नंबर. पुतणी गेल्या वर्षी एकटी होती, तिला त्याचा उपयोग झाला.

संकष्टी त्यांनी सोडलेली नाही, मीही सोडायला सांगितली नाही. डॉक्टरांनी उपवासाच्या दिवसाचा वेगळा डोस लिहून दिला आहे, आणि संध्याकाळची सुई चंद्र दिसल्यावर, ताट मांडल्यावर. महिना उलटला की मी कालनिर्णयवर चंद्रोदयाच्या वेळेभोवती लाल गोल करते. साडेसहाला ग्लासभर दूध आणि केळं. त्याआधी त्या स्वतःच मोरीत जाऊन हात धुतात, पदराला पुसतात आणि माझ्या मशीनसमोर येऊन अनामिका पुढे करतात.